मंद

शिक्षकाच्या लेखणीला काही शब्द इतके सरावाचे झालेले असतात की ते लिहिताना मनाला विचारावेच लागत नाही. ‘समाधानकारक’ हा त्यांतला एक. ‘प्रयत्न आवश्यक’ हा दुसरा. तिसरा आम्ही हल्ली जपून वापरतो, पण तो मनातून काही गेलेला नाही. तो शब्द ‘मंद’. मुलाच्या नावापुढे हा शब्द लिहायला दोन अक्षरे पुरतात, शाई वाळायला क्षणभर लागतो, आणि पान उलटले की ते मूल आपल्यापुरते निकालात निघते.

हाच शब्द आपण आकाशालाही लावतो. मंद तारा, मंद चांदणे. तिथे त्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु मी तो एकदा एका मुलाला लावला, आणि पुढे एका ताऱ्याने तो माझा मला परत केला, त्याची ही हकीकत आहे. सणासुदीला कोणी आपला कबुलीजबाब वाचकांच्या पुढ्यात ठेवू नये, हे मला कळते. पण दिवाळी हा उजेडाचा सण, आणि या हकीकतीत निम्मा दोष माझा असला तरी निम्मा उजेडाचा आहे. तेव्हा दिवाळीच्या अंकाखेरीज ती सांगायला दुसरी जागा मला सुचली नाही.

मी सणसवाडीला चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि रंगांच्या डब्यांतच रमलो. दोन-तीन कादंबऱ्याही लिहून झाल्या, पण गावात मला ओळखतात ते ‘ड्रॉइंगचे सर’ म्हणूनच. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कोरेगाव भीमा मागे पडले की आमचे गाव लागते, आणि ते संपते न संपते तोच शिक्रापूर येते. माझ्या लहानपणी जिथे ज्वारी-बाजरी उभी असे, तिथे आता कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत. रस्त्यावर रात्रभर मालमोटारी, फाटकाफाटकावर झगझगीत दिवे, चौकात उंच खांबावरचा हायमास्ट. रात्री दोन वाजता आमच्या गच्चीवर वर्तमानपत्र वाचता येते. गावाला याचा अभिमान आहे, आणि तो गैर आहे असे मी म्हणणार नाही. ज्या बाईला तिसऱ्या पाळीवरून एकटीने घरी परतायचे असते, तिला त्या दिव्याची किंमत विचारा.

अशा गावच्या शाळेत नाना ठिकाणची मुले येतात. मराठवाड्यातली, विदर्भातली, उत्तर प्रदेश-बिहारमधली. काही मुले दोन महिने येतात आणि जातात. तो मुलगा असाच आलेला. आईबाप बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीचे. मुकादमाकडून उचल घेतलेली असली की दसऱ्यानंतर टोळी निघणार, आणि दिवाळी जिथे गाठील तिथे करायची. त्या वर्षी ती भीमेच्या काठच्या उसात, कोपीत झाली होती. सुटी संपल्यावर तो सहावीच्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसला. आपण होऊन बोलत नसे. विचारले तर उत्तर देई, पण ते इतके हळू की दुसऱ्यांदा विचारावे लागे, आणि दुसऱ्यांदा विचारले की तो गप्प होई.

मी मुलांना विषय दिला होता, ‘मी पाहिलेली दिवाळी’. सगळ्यांनी आकाशकंदील काढले, रांगोळ्या काढल्या, मातीचे किल्ले आणि त्यांवरचे मावळे काढले. भुईनळ्याचे झाड तर प्रत्येकाच्या कागदावर होते. या मुलाने काळा खडू झिजवून झिजवून सगळा कागद काळा केला होता. खाली एक तिरपा त्रिकोण. तो मला उकिरड्याचा ढीग वाटला. त्या त्रिकोणाच्या वर, थोड्या अंतरावर, दोन ठिपके पांढरे सोडले होते. एक हरभऱ्याएवढा आणि त्याच्या उजवीकडे किंचित वर दुसरा मोहरीएवढा.

“दिवे कुठे आहेत रे?” मी विचारले.

“तिथं नव्हते, सर.”

“मग हे काय आहे?”

“पहाटं दिसतंय.”

वर्ग हसला. मीही हसलो असेन. शेजारच्याच बाकावर आमच्या शाळेची एक हुशार मुलगी होती. तिच्या कंदिलाच्या झिरमिळ्या इतक्या सुरेख उतरल्या होत्या की माझे अर्धे लक्ष तिकडेच होते. त्याला मी क-२ श्रेणी दिली आणि नोंदवहीत लिहिले : ‘चित्र अपूर्ण. विषयाचे आकलन मंद.’ संक्रांत झाली, टोळी दुसरीकडे हलली, हजेरीत त्याच्या नावापुढे रेघ आली. मी त्याला विसरलो. असे विसरणे हा आमच्या धंद्याचाच एक भाग आहे. नाहीतर शिक्षकाला झोप लागायची नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षीची नरकचतुर्दशी. पहाटे अभ्यंगस्नानाची गडबड चालली होती. तेल कढत होते, उटणे कालवून ठेवले होते, आणि ऐन वेळी आमच्या बाजूचे रोहित्र जळाले. घरातले दिवे गेले, गल्लीतले गेले, चौकातला हायमास्टही गेला. सुटीमुळे कारखाने निम्मे बंदच होते. सगळीकडे काळोख झाला. मुलांनी आरडाओरडा केला. आईने देवापुढची पणती न्हाणीघरात नेऊन ठेवली आणि मला म्हणाली, “अरे, वीज येईस्तोवर गच्चीवर जाऊन अगस्ती दिसतोय का बघ. आम्ही लहानपणी त्याला बघूनच अंगाला तेल लावून घ्यायचो.”

मी वर गेलो. दक्षिणेला, क्षितिजापासून फार उंच नाही, एक टपोरा तारा तेजाने थरथरत होता. व्याध सोडला तर रात्रीच्या आकाशात त्याहून तेजस्वी तारा नाही. दिवाळीच्या दिवसांत अगस्ती मध्यरात्रीच्या आसपास उगवतो आणि पहाटे आपल्या सर्वांत उंच जागी येतो. उंच म्हणजे आमच्या गावाहून जेमतेम अठरा-एकोणीस अंश. चतुर्दशीची चंद्रकोर तेव्हा अजून उगवलेली नसते. मी पाहत राहिलो. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वेळ लागतो. पाच-सात मिनिटांनी थोडे दिसू लागते, आणि पुरते दिसायला अर्धा तास हवा. हळूहळू त्या रिकाम्या दक्षिणेत बारीक बारीक तारे वर आले. त्यांतच अगस्तीच्या उजवीकडे, हात लांब करून तीन बोटे धरली तर त्यांच्या रुंदीहून किंचित पलीकडे, थोडा वर, एक अगदी मंद पांढरा ठिपका होता. त्याच्याकडे थेट पाहिले की तो नाहीसा होई. जरा बाजूला पाहिले की पुन्हा दिसे.

एक हरभऱ्याएवढा, आणि उजवीकडे किंचित वर दुसरा मोहरीएवढा.

वीज आली आणि आकाश गेले. मी खाली उतरलो, स्नान केले, फराळ केला. सुटी संपल्याबरोबर शाळेतले कपाट उघडले. मूल्यमापनाचे गठ्ठे आम्हाला काही वर्षे सांभाळून ठेवावे लागतात. तो काळा कागद सापडला. तो तिरपा त्रिकोण म्हणजे उसाच्या पाचटाची कोपी होती. पहाटे तीन-चारला उठून आई चूल पेटवते, बाप कोयत्याला धार लावतो, आणि पोर दारात बसून समोर जे दिसते ते पाहते. त्याने पाहिलेली दिवाळी त्याने काढली होती. त्याचा मोहरीएवढा ठिपका म्हणजे तोच तारा, असे मी शपथेवर सांगणार नाही. कदाचित तेवढी जागा खडूतून चुकून सुटली असेल. पण माझ्या नोंदवहीत तो ‘कदाचित’ कुठेच नव्हता, आणि माझ्या मनाला लागले ते नेमके हेच.

तो तारा कोणता, हे मी आमच्या विज्ञानाच्या बाईंना विचारले. त्यांनी नकाशा उलगडला आणि बोट ठेवले. त्याचे नाव बीटा पिक्टोरिस, म्हणजे ‘चित्रफलक’ या तारकासमूहातला दुसरा तारा. मला हसू आले. लाकाय नावाचा एक फ्रेंच ज्योतिषी १७५१ साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला जाऊन राहिला. तिथून त्याने दक्षिणेच्या सुमारे दहा हजार ताऱ्यांच्या जागा टिपल्या आणि मोकळ्या जागांत चौदा नवे समूह कल्पिले. त्यांतल्या बहुतेकांना त्याने माणसाच्या हत्यारा-उपकरणांची नावे दिली. एका कोपऱ्यात त्याने चित्रकाराचा फलक उभा केला. ज्या फलकापुढे मी जन्म काढला तो आकाशात माझ्या गच्चीसमोर लागलेला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मग मी वाचायला बसलो. अशा वेळी माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराला धीर येतो तो शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या आठवणीने. १८५३ साली कोकणात मुरूडला जन्मलेले, मॅट्रिक होऊन शाळामास्तरकीत आयुष्य घालवलेले हे गृहस्थ. त्यांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ मराठीला दिला आणि दोनच वर्षांत, वयाच्या पंचेचाळिशीत, ते गेले. साध्या संसारी माणसाने रात्री अंगणात बसून तारे ओळखावेत म्हणून त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ही लिहिले होते. पदवीवाचून आकाश अडत नाही, हे त्यांच्याकडून शिकावे.

वाचता वाचता जे हाती लागले ते असे. तो तारा आपल्यापासून सुमारे त्रेसष्ट प्रकाशवर्षे दूर आहे. मी गच्चीवरून पाहिलेला प्रकाश तिथून निघाला तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकते जन्मले होते आणि पानशेतच्या पुराची ओल पुण्याच्या भिंतींतून अजून जायची होती. ताऱ्यांच्या आयुष्यात एक मोठा काळ असा असतो की पोटातल्या हायड्रोजनचे हेलियम होत राहते, त्या उष्णतेचा रेटा बाहेर ढकलतो, स्वतःचा भार आत ओढतो, आणि दोहोंचा मेळ बसून तारा शांतपणे जळत राहतो. या काळातल्या ताऱ्याला शास्त्रज्ञ मुख्य क्रमावरचा तारा म्हणतात. आपल्या भाषेत हा ताऱ्याचा गृहस्थाश्रम. आपला सूर्य याच आश्रमात आहे. पण सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे, आणि या पांढऱ्या ताऱ्याचे दोन कोटींच्या आसपास. म्हणजे संसार नुकता मांडलेला. घराला गिलावा व्हायचा आहे, अंगणात वाळू-विटा पडलेल्या आहेत. तो सूर्यापेक्षा वजनाने पावणेदोन पट आहे, अधिक तापलेला आहे, आणि त्याचे तेज सूर्याच्या आठ-नऊ पट आहे.

इथे मी पुस्तक मिटून ठेवले. माझा ‘मंद’ तारा सूर्याच्या आठ-नऊ पट तेजस्वी निघाला होता. आणि त्याहून पुढची गोष्ट अशी की त्या ताऱ्याजवळ कोणी उभे असेल आणि माझ्यासारखेच दोन डोळे घेऊन आपल्याकडे पाहत असेल, तर त्याला आपला सूर्य दिसणारसुद्धा नाही. ज्याला आपण अर्घ्य देतो, ज्याच्यावर आपली शेते आणि पंचांगे चालतात, तो त्रेसष्ट प्रकाशवर्षांवरून नुसत्या डोळ्यांच्या टप्प्याबाहेर जातो. तिथला शिक्षक आपल्या सूर्याची नोंद कशी करील? ‘मंद’ असेही तो लिहिणार नाही. तो ‘गैरहजर’ लिहील.

ताऱ्यांच्या तेजाला मराठीत ‘प्रत’ म्हणतात. पहिल्या प्रतीचा तारा, दुसऱ्या प्रतीचा तारा. हा शब्द आपण तांदूळ घेतानाही वापरतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कस नावाच्या ग्रीक ज्योतिषाने ताऱ्यांच्या सहा प्रती लावल्या असे मानतात. सर्वांत तेजस्वी ते पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे ते सहाव्या प्रतीचे. पुढे १८५६ साली पॉगसन याने त्याला गणिताची शिस्त दिली : पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट फरक. आपला तारा या हिशेबाने चौथ्या प्रतीचा. अगस्ती त्याच्यापेक्षा सुमारे सत्तर पट तेजस्वी दिसतो.

परंतु ‘दिसतो’ हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि ज्योतिषी लोक आमच्यापेक्षा प्रामाणिक आहेत. त्यांनी या प्रतीला ‘दृश्य प्रत’ असे नाव दिले. म्हणजे मी जिथे उभा आहे तिथून दिसणारी. ताऱ्याचे स्वतःचे तेज किती, हे सांगायचे झाले तर ते सर्व ताऱ्यांना मनाने उचलून एकाच अंतरावर आणून ठेवतात, साडेबत्तीस प्रकाशवर्षांच्या जरा पलीकडे, आणि मग जी प्रत येईल तिला ‘निरपेक्ष प्रत’ म्हणतात. या दोन प्रतींचा घोटाळा करणाऱ्याला तिथे परीक्षेत नापास करतात. शाळेत मात्र आम्ही तो घोटाळा रोज करतो आणि त्यालाच निकालपत्रक म्हणतो. कोणते मूल माझ्यापासून किती अंतरावर आहे, हे मी कधी मोजले? माझी भाषा त्याच्या घरच्या भाषेपासून दूर, माझा कंदील त्याच्या कोपीपासून दूर, माझा विषय त्याच्या पहाटेपासून दूर. एवढी सगळी वाट तुडवून जो प्रकाश माझ्या टेबलापर्यंत पोहोचला, तो मी क-२ म्हणून नोंदवला.

अंतराखेरीज आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे जवळचा दिवा. या ताऱ्याच्याच इतिहासात तिचा दाखला आहे. १९८३ साली आयरास नावाच्या अवकाशातल्या दुर्बिणीला त्याच्याभोवती उबदार धुळीची चाहूल लागली. धूळ आहे खरी, पण दिसणार कशी? ताऱ्याच्या झगझगाटात ती लोपून जाते. पुढच्या वर्षी ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल या दोघांनी चिली देशातल्या लास काम्पानास इथल्या दुर्बिणीला अशी योजना केली की मधला तारा एका बारीक झाकणीआड जावा. आपण रस्त्यावरच्या दिव्यासमोर अंगठा धरतो, तसेच ते. तारा झाकला आणि दोन्ही बाजूंना पसरलेली धुळीची तबकडी उमटली. दुसऱ्या ताऱ्याभोवतीची अशी तबकडी माणसाने पहिल्यांदाच पाहिली. आपले सूर्यकुल लहानपणी कसे असेल, याचा तो नमुना होता. त्या अंगणात पुढे एक ग्रहही सापडला. तो गुरूच्या सुमारे दहा पट वजनाचा. त्याची बातमी २००८ साली आली, आणि २०१९ साली दुसऱ्याची. ताऱ्याकडे झेपावताना विरून जाणारे धूमकेतूही तिथे हेरले गेले. घर बांधले जाताना पाहायला मिळावे तसे हे आहे. आणि हे सगळे दिसू लागले ते झगझगाट झाकल्यामुळे.

झिरमिळ्या सुरेख काढणाऱ्या त्या मुलीचा यात काही दोष नाही. तेजस्वी असणे हा गुन्हा नव्हे. अंगठा धरायचे काम माझे होते, आणि मी तो धरला नाही.

माझ्या एका मित्राला मी हे सांगितले, तेव्हा तो खूष झाला. म्हणाला, “म्हणजे प्रत्येक मंद मुलात एक सूर्य लपलेला असतो तर!” ही कल्पना गोड आहे, म्हणूनच मला तिची धास्ती वाटते. व्यासपीठावरून ती छान शोभते. पण ती खरी नाही. आकाशात खरोखरीच मंद असलेले तारे आहेत, आणि ते थोडेथोडके नाहीत. दक्षिणेच्याच आकाशात प्रॉक्झिमा नावाचा एक तांबूस तारा आहे. १९१५ साली तो सापडला. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा तोच, अवघ्या सव्वाचार प्रकाशवर्षांवर. आणि तरी तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिथे अंतराची सबब चालत नाही. त्याचे तेज मुळातच कमी आहे. आपल्या शेजारच्या ताऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश याच जातीचे आहेत, आणि त्यांतला एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आपण ज्याला आकाश म्हणतो ते आपल्या डोळ्यांनी निवडून काढलेले आहे.

मग त्या खऱ्या मंद ताऱ्यांची किंमत काय? ‘तेही आतून तेजस्वी आहेत’ असे म्हणून मी त्यांना वाचवू पाहिले, तर मी जुनेच माप नव्या कापडाला लावले. प्रॉक्झिमाभोवतीही ग्रह फिरतो. २०१६ साली तो सापडला. पांढरे तारे आपली शिधासामग्री भराभर जाळतात आणि लवकर संपतात. आपला सूर्य विझून जाईल त्यानंतरही तो तांबूस तारा काही लाख कोटी वर्षे तसाच तेवत राहील, असा हिशेब आहे. पण हेही मी त्याच्या बाजूने गुण म्हणून मांडू लागलो तर पुन्हा प्रत लावणेच झाले. तो आहे. माझ्या कोणत्याही रकान्यात न बसता तो आहे. सुरुवात इथून करायला हवी.

आणि तो मुलगा काही छुपा चित्रकार नव्हता. त्याचा त्रिकोण ओबडधोबड होता, खडू रेघेबाहेर गेलेला होता. त्याने जे पाहिले ते काढले, एवढेच. हे ‘एवढेच’ चाळीस मुलांत दुसऱ्या कोणी केले नव्हते. सगळ्यांनी भेटकार्डावरची दिवाळी काढली होती. पण समजा, तेही त्याने केले नसते. समजा, तो कागद खरोखरच आळसाने काळा केलेला असता. तरीही त्या मुलाविषयी दोन अक्षरांत निकाल देण्याचा अधिकार मला कुठून येत होता?

शाळा गुणांशिवाय चालत नाही, हे मी जाणतो. शेतकऱ्यालाही धान्याची प्रत लावावीच लागते. मी अजूनही श्रेणी देतो, आणि वाईट चित्राला चांगले म्हणत नाही. ते मुलाला फसवणे होईल. फक्त एक बदल मी केला आहे, आणि तो व्याकरणाचा आहे. पूर्वी मी वाक्याचा कर्ता मुलाला करीत असे : त्याला समजले नाही, त्याचे आकलन मंद. आता मला जिथे ठाऊक नसते, तिथे मी लिहितो : ‘मला दिसले नाही.’ चित्राची श्रेणी ही माझ्या टेबलावरून, त्या दिवशी, त्या उजेडात दिसलेली दृश्य प्रत. निरपेक्ष प्रत लिहायचा रकाना माझ्या वहीत नाही, कारण माणसांना एका अंतरावर आणून ठेवणारी फूटपट्टी अजून कोणी बनवलेली नाही. आणि ‘मला दिसले नाही’ असे लिहिले की पुढचे काम आपोआप ठरते. उठून जवळ जावे लागते. एक दिवा झाकावा लागतो. कधी थेट रोखून पाहायचे सोडून जरा बाजूला पाहावे लागते. कारण काही तारे आणि काही मुले रोखून पाहिले की नाहीशी होतात.

या शहाणपणाचा त्या मुलाला काही उपयोग नाही, हेही सांगायला हवे. पुढच्या हंगामात टोळ्या आल्या तेव्हा मी एका मुकादमाला विचारले. तो म्हणाला, “सर, एवढ्या कोयत्यांत एक पोर कुठं हुडकायचं? औंदा कुणी इकडं, कुणी कर्नाटकात.” आता तो मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असेल, कदाचित त्याच्याही हातात कोयता आला असेल. नोंदवही बंद झाली, तिच्यात खाडाखोड करता येत नाही. अगस्ती मुनी दक्षिणेला निघाले तेव्हा उंचीच्या गर्वाने वाढत चाललेला विंध्य त्यांच्यापुढे वाकला. मी परत येईपर्यंत असाच राहा, असे सांगून मुनी गेले आणि परतले नाहीत. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला मुनींच्या चातुर्याचे कौतुक वाटे. आता मला त्या वाकून राहिलेल्या डोंगराची गोष्ट कळते.

वाचकांनी गावातले दिवे फोडावेत असे माझे म्हणणे नाही. दिवा खाली जमिनीवर पडला तर माणसाच्या पायाला उजेड मिळतो. वर आकाशात गेला तर कोणाच्याच कामाचा नाही. आपल्याच राज्यात, नागपूरकडच्या पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या काठी असलेल्या गावांनी आपले दिवे जमिनीकडे तोंड करून बसवले, आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातले पहिले काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. तिथेही लोक रात्री घरी परततात, तिथेही बाया-मुले आहेत.

दिवाळी अमावास्येला येते. वर्षातली ती मोठी काळोखी रात्र आपल्या पूर्वजांनी दिव्यांसाठी निवडली, आणि दिवा निवडला तो पणतीचा. पणतीने उंबरठा दिसतो आणि वरचे तारेही दिसत राहतात. यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे, तेल लावायच्या आधी, घरातले आणि गच्चीवरचे दिवे थोडा वेळ मालवा. मुलांना बरोबर घ्या. घरात कोणी वडीलधारे असेल तर त्यांनाही न्या. अगस्ती बहुधा तेच आधी दाखवतील. लग्नात नवऱ्या मुलीला अरुंधती दाखवताना आधी शेजारचा ठळक वसिष्ठ दाखवतात आणि मग नजर सूक्ष्माकडे नेतात; तसेच इथे करा. आधी अगस्ती. मग उजवीकडे तीन बोटांहून किंचित पलीकडे, थोडे वर. घाई करू नका. थेट रोखू नका.

दिसला तर उत्तमच. आणि गावच्या उजेडात नाहीच दिसला, तर मुलांना ‘तिथे काही नाही’ असे सांगून खाली आणू नका. एवढेच म्हणा : तो आहे, मला दिसला नाही.